उंडो आणि अंगठा

माझ्या ओपीडीतल्या टेबलाच्या उजव्या खणात कायम एक उंडो असे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, उंडो म्हणजे आमच्या पाववाल्या पोदेराच्या भट्टीतला गोल पाव, बाहेरून कडक, आतून मऊ. सकाळी तो बरा असतो. दुपारपर्यंत त्याचं कवच असं होतं की धडधाकट बत्तिशीच्या माणसालाही मान वाकडी करून तो तोडावा लागतो. मला तसाच हवा असे. सकाळी डिचोलीहून निघताना पोदेराच्या सायकलवरचा एक उंडो घ्यायचा, खणात टाकायचा, आणि जबडा नवा बसवलेला पेशंट सहा महिन्यांनी दाखवायला आला की त्याच्यापुढे ठेवून म्हणायचं, "चाव बगया." तुटला तर पास. एक्स-रे मी नंतर बघत असे. माझे हाताखालचे डॉक्टर या परीक्षेला हसायचे, पण पेशंट तिची तयारी करून यायचे.

मी जबड्याची सर्जन. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तीसेक वर्षं हेच काम केलं, तरी आमच्या नातेवाइकांच्या लेखी मी अजून दातांची डॉक्टर. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई घास गिळते न गिळते तोच तोंडाचा आ करून मला दाढ दाखवते. माझा स्वभाव जरा फटकळ, त्यामुळे अशा बायका दुसऱ्यांदा शेजारी बसत नाहीत.

धंदा काय ते आधी सांगून टाकते. खालचा जबडा गाठीने, कर्करोगाने किंवा अपघाताने गेला, तर माणूस नुसता विद्रूप होत नाही. हनुवटी आत जाते, लाळ गळते, बोललेलं कळत नाही आणि जेवण म्हणजे नळीतून पेज. सगळ्यात वाईट म्हणजे घरची माणसं त्याच्यासमोर बसून जेवायची थांबतात. ती पोकळी भरायला नुसती धातूची पट्टी पुरत नाही, आज ना उद्या ती कातडी फाडून बाहेर येते. तिथे जिवंत हाडच लागतं, आणि ते त्याच माणसाच्या अंगातून काढावं लागतं.

ते आम्ही बहुतेक वेळा पायातून काढतो. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. पुढचं जाड, ज्याला टेबलाची कड लागली की आपल्याला ब्रह्मांड आठवतं, ते अंगाचा भार पेलतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला एक लांब, बारीक हाड असतं. त्याचं वरचं आणि खालचं टोक जागेवर ठेवून मधला भाग काढून घेतला तरी माणूस चालतो. हे हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट, लागली तर वरच्या कातडीच्या तुकड्यासकट काढायचं, दोन-तीन ठिकाणी कापून जबड्यासारखं वळवायचं, बारीक पट्ट्यांनी जखडायचं आणि ती रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवायची. दोरा केसाहून बारीक. टाके झाले, चिमटे सोडले आणि हाडाच्या कडेतून लालभडक रक्त झिरपलं, की कलम लागलं असं समजायचं. कलम हा शब्द आंब्याचा, पण आमच्याकडेही तोच चालतो. पुढे त्याच हाडात स्क्रूवर नकली दात बसवतात.

हाड वळवणं मला पुस्तकांपेक्षा जास्त आमच्या शेजारच्या अनंत मेस्तांनी शिकवलं. मेस्त म्हणजे सुतार. सुरुवातीच्या काळात माझे सांधे नीट बसत नसत, फटी राहत. एका रविवारी मी प्लास्टरचा जबडा आणि लाकडाची दांडी घेऊन त्यांच्या पडवीत गेले. ते चौकटीचे कोपरे जुळवत होते. माझं कापकाम त्यांनी थोडा वेळ बघितलं, मग करवत माझ्या हातातून काढून घेतली.

"बाय, तुमी पयलीं कापतात आनी मागीर कोन बगतात. कोन पयलीं. लाकूड एकदां कापलां मगे तें वाडना."

पुढे मी शिकवायला लागले तेव्हा हे वाक्य प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवलं. आता संगणकावर सगळं आधी ठरतं, हाड कुठे कापायचं त्याचा साचा छापून येतो. तरी मी मेस्तांचं वाक्य ऐकवायची सोडली नाही. ते मला स्वतःला किती कळलं होतं, ते पुढे येईलच.

गमतीही खूप झाल्या. पाळी गावचा एक ट्रकवाला होता, खाणीवरची माती वाहणारा. जबड्याबरोबर तोंडातली कातडीही गेलेली, म्हणून पायाची कातडी आत लावली. छान जिवंत राहिली. तीन महिन्यांनी साहेब आले ते चेहरा पाडून. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाय, कोणाक सांगू नकात. माका तोंडात दाडी येता."

बघते तो खरंच! पायाची कातडी तिचा धर्म विसरली नव्हती. जिभेच्या बाजूला चांगले दोन बोटं केस. मी चिमट्याने उपटले आणि दर महिन्याला यायला सांगितलं. पुढे वर्षभर तो यायचा आणि स्वागतकक्षात सांगायचा, "दाडी करूक आयलां." बाहेर बसलेल्यांना वाटे, डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या. दोन वर्षांत ती कातडी लाळेने भिजून भिजून मऊ पडली, केस आपोआप गेले आणि गडी यायचा बंद झाला. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण आमच्या धंद्यावरूनच आली आहे, आणि माझी तिच्याविषयी तक्रार नाही. पेशंट यायचा बंद होतो याचा अर्थ बहुधा तो बरा असतो. बहुधा म्हणते, कारण बाबलो.

बाबलो धारगळचा. हमरस्त्यापासून आत, माडांच्या बागायती आहेत त्या अंगाला त्याचा वाडा, म्हणजे वस्ती. वय अडतीस-चाळीस, अंगाने सडसडीत, रंगाने काळा, दात पांढरेशुभ्र. तो पाडेली होता, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. उजव्या गालात सुपारी धरल्यासारखी गाठ घेऊन आला. बरोबर बायको, शेवंती. दाढ सुजली असेल म्हणून दोघांनी वर्षभर लवंग आणि मिठाच्या गुळण्यांवर काढलं होतं. एक्स-रेमध्ये जबड्याच्या हाडात साबणाच्या फेसासारखे काळे गोळे दिसले. ही गाठ कर्करोगाची नसते, पण स्वभावाने बरी नसते. हाड आतून खात जाते, आणि नुसती खरवडली तर पुन्हा येते. अर्धा जबडा काढणं भाग होतं.

मी दोघांना सगळं समजावलं. शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबलोने एकच सांगितलं.

"काडा बाय. पण चवथ जाव दी."

मी चिडले. आमच्याकडे आषाढ लागला की प्रत्येकाची शस्त्रक्रिया गणपतीच्या चवथीवर अडते. "चवथ दर वर्षी येता बाबलो. जबडो एकदांच मेळता."

"तसां न्हय बाय. वाड्यार बावीस गणपती. सगळ्यांच्या माटोळीची पेण हांव देतां."

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, काकड्या, तोरिंजनं असं काय काय बांधतात, आणि मधोमध नारळाची पेण, म्हणजे अख्खा घड. ही पेण खाली टाकायची नसते. एकही नारळ न गळता, ओरखडा न उठता, दोरीने हळूहळू उतरवायची असते. बाबलोचा बाप हे करायचा, त्याच्याआधी त्याचा बाप. बावीस घरांचे गणपती बाबलोच्या पेणीखाली बसायचे. गाठ सावकाश वाढणारी होती, दीड महिन्याने फारसं बिघडणार नव्हतं. मी कुरकुरत तारीख पुढे ढकलली.

विसर्जनानंतर तो ठरल्या दिवशी आला. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्याने मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मला अजून शब्दाशब्दाने आठवतो.

"बाय, पांयाचां हाड काडलां मगे माडार चडूक येतलां न्हय?"

आणि मी काय म्हणाले तेही आठवतं. मी फॉर्म भरत होते, मान वर न करता म्हणाले, "चडतलो मरे. सा म्हयन्यांनी पयलींसारको. माडार तू हातांनी चडतां, पांय काय फाटल्यान येतात."

पाय नुसते मागून येतात, हे ऐकून खोलीतले सगळे हसले. बाबलोही हसला. त्याने सही केली.

मी माडाखाली वाढलेली बाई. आमच्या डिचोलीच्या घराभोवती सात माड आहेत. दर दोन महिन्यांनी पाडेली यायचा, आणि मी वर बघायचे ते नारळ डोक्यात पडेल या भीतीने. चढणाऱ्याचे पाय जन्मात एकदाही नीट बघितले नव्हते. पुस्तकात लिहिलेलं असतं की हे हाड काढल्यावर पायाच्या अंगठ्याची ताकद थोडी कमी होते, कारण अंगठा दाबणारा स्नायू याच हाडाला चिकटलेला असतो, पण रुग्णाला ते सहसा जाणवत नाही. ते पुस्तक लिहिणाऱ्यानेही माड बघितला नसावा.

शस्त्रक्रिया फार सुंदर झाली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, किंवा थोडं बढाई म्हणूनच सांगते. डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी वळवलं, सांध्यात नख जाणार नाही असं बसलं. अनंत मेस्त असते तर त्यांना बोलावून दाखवलं असतं. सहाव्या महिन्यात बाबलो आला तेव्हा चेहऱ्याकडे बघून कोणती बाजू नवी ते कळत नव्हतं. मी खणातून उंडो काढला. त्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, नव्या बाजूने दात रोवले आणि एका फटक्यात तोडला. बाहेरच्या बाकड्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी मीच वाजवली असणार.

"माडार चडतां मरे?" मी विचारलं.

"चडतां. सवकास, सवकास."

मी खूष. त्याचे फोटो, एक्स-रे घेतले आणि पुढच्या परिषदेत सगळ्यांना दाखवले. लोकांनी विचारलं, पायाची काही तक्रार? मी ऐटीत म्हणाले, रुग्ण नारळाच्या झाडावर चढतो.

त्यानंतरची चवथ होऊन पंधराएक दिवस झाले असतील. ओपीडी संपत आली होती. शेवंती एकटीच दारात उभी. मला वाटलं, गाठ परत आली.

"ना बाय, तोंड बरां आसा," ती बसत म्हणाली. "पण हांव आयल्लें ताका सांगू नकात."

मग तिने सांगितलं. बाबलो माडावर चढत नव्हता. एकदाही शेंड्यापर्यंत पोचला नव्हता. पावसाळ्याआधी दोन महिने तो रोज सकाळी, लोक उठायच्या आत, बागायतीत जायचा. दहा-बारा हात वर जायचा आणि डावा पाय सुटायचा. खोडाला कवटाळून घसरत खाली यायचा. छातीची, मांड्यांची सालं निघाली होती. शेवंतीला म्हणायचा, गोठ्यात पडलो. चवथीला वाड्यावरच्या लोकांनी म्हापशाच्या बाजारातून पेणी आणल्या. कोणी बोल लावला नाही, उलट सगळे म्हणाले, बाबलोचा जीव वाचला ते मोठं. बाबलो त्यांच्याकडे आरतीलाही गेला नाही. पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"माका कित्याक सांगलें ना ताणें?" मी विचारलं. "उंडो चावलो तेन्ना तरी सांगपाचें."

शेवंती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तो म्हणता, बायन इतलां बरां केलां. इतलीं खूष जाल्लीं. आतां तांकां सांगून दुख कित्याक दिवचां?"

तीस वर्षांत पेशंटनी मला शिव्या दिल्या आहेत, एकाने फाइल फेकून मारली आहे. त्यातलं काही घरी आणलं नाही. शेवंतीचं हे वाक्य मी घरी आणलं, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी मी धारगळला गेले. शेवंतीचं नाव येऊ नये म्हणून म्हणाले, इकडून जात होते, पाय बघून घेते. बाबलोने लगबगीने कदेल, म्हणजे खुर्ची, पुसून अंगणात ठेवली. मी त्याला समोर बसवलं आणि डावा पाय माझ्या मांडीवर घेतला. "बाय, पांय नाका, पांय नाका," करत तो मागे ओढत होता. मी दटावलं तेव्हा थांबला.

पाडेल्याचा पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तळवा घोरपडीच्या पाठीसारखा खरबरीत. अंगठा बाकी बोटांपासून फाकून बाहेर आलेला, हाताच्या अंगठ्यासारखा. मी माझं बोट त्याच्या उजव्या अंगठ्याखाली धरलं आणि म्हटलं, दाब. बोट मोडेल असं वाटलं. मग डाव्या अंगठ्याखाली धरलं. दाब. त्याच्या कपाळावर शीर उठली, पण माझ्या बोटाला लहान मुलाने दाबावं एवढंही लागलं नाही. दोघांनाही काय ते कळलं. शेवंती आत निघून गेली.

"तुका पयलींच म्हायत आशिल्लें?" मी विचारलं. "चडपाक आंगठो लागता म्हण?"

माड दाखवून त्याने मला समजावलं, शहाण्या माणसाने अडाण्याला समजावावं तसं. दोन्ही पायांत काथ्याचा फास असतो. हातांनी माड नुसता धरायचा असतो. अंग वर ढकलतात ते पाय, आणि कोयता चालवताना एक हात सुटतो तेव्हा सगळं अंग तोलून धरतात ते दोन अंगठे. "हात सुटलो जाल्यार चलता बाय. आंगठो सुटूक फावना."

"मगे तेन्ना बोललो कित्याक ना तू? हांव म्हणटां हातांनी चडतां, आनी तू हांसता!"

"हांवें चिंतलां, तुमी दोतोर. तुमकां म्हायत आसतलां."

अर्धा जबडा भरायला कमरेच्या कडेचं हाडही घेता येतं. काम जास्त किचकट, महिना-दोन महिने कमरेत दुखतं, आणि माझा हात त्यात पायाच्या हाडाइतका बसलेला नव्हता. पण अंगठा राहिला असता. मान वर करून एक प्रश्न विचारला असता, "कसा चढतोस ते दाखव," तर राहिला असता. जन्मभर मेस्तांचं वाक्य दुसऱ्यांना ऐकवत होते, आणि स्वतः आधी कापलं, कोन मागाहून बघायला आले होते.

मी त्याला हे सांगितलं. सरळ सांगितलं, चूक माझी. डॉक्टरांना हे वाक्य सहसा म्हणवत नाही. बाबलो इतका अवघडला की त्याने विषयच बदलला आणि शेवंतीला चहा ठेवायला हाक मारली.

पुढे वर्षभर व्यायाम, मालीश, पायाला आधाराची पट्टी, सगळं केलं. अंगठा थोडा सुधारला, माडाइतका नाही. जो स्नायू आपलं हाड हरवून बसला, तो कितीसा सुधारणार? कोणीतरी गावात माडावर चढायच्या यंत्राचं शिबिर घेतलं. दोन लोखंडी पावलं असतात, खोडाला तारेचा वेढा, पाय अडकवून एकेक पाऊल वर सरकवायचं. त्यात अंगठ्याचं काम नाही. मी आशेने विचारलं. बाबलो एकदा त्यावर अर्ध्या माडापर्यंत जाऊन आला आणि यंत्र परत देऊन टाकलं.

"चडूक जाता बाय," तो मला फोनवर म्हणाला. "पण पांयांक माड लागना."

मला आधी ते हट्टाचं वाटलं. मग आठवलं, एकदा एका कंपनीच्या माणसाने माझ्या हातात जाड हातमोजे देऊन सांगितलं होतं, यांनी सुई टोचत नाही. मी ते दोन मिनिटांत काढून टाकले होते, कारण हाताला हाड लागत नव्हतं.

आमच्या ओपीडीच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली: पायांनी काय काम करता, करून दाखवा. त्यानंतर माझ्या खोलीत काय काय झालं म्हणून सांगू! एका दशावतारी नटाने राक्षसाचा नाच केला आणि कपाटाची काच फोडली. बेळगावकडचा एक गवंडी बांबूच्या परांचीवर कसा उभा राहतो ते दाखवायला माझ्या टेबलावर चढला. त्या दोघांचंही कमरेचं हाड घेतलं. माझा हात त्यात बसेपर्यंत मला त्रास झाला, त्यांनाही थोडा झाला. तरुण डॉक्टर म्हणायचे, मॅडमच्या खोलीत सर्कस चालते. म्हणेनात का. उंडो खणात होताच, पण आता मी तो तोडणाऱ्याला आधी चपला काढायला लावत असे.

निवृत्तीच्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी शेवंतीचा फोन आला. "बाय, येयात. माटोळी बांदतात. आमचीच पेण आसा."

मी गेले तर अर्धा वाडा बागायतीत जमलेला. माडाच्या बुडाशी बाबलो, अनवाणी, मान वर करून. आणि वर, शेंड्याला, कंबरेला पदर खोचून, लोखंडी पावलांत पाय अडकवून शेवंती! बाबलोने शिबिरात परत दिलेलं यंत्र तिने घरात कोणाला न विचारता मागून आणलं होतं. नवरा महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता. मग एक दिवस ती घड चुकीच्या ठिकाणी कापायला निघाली, तेव्हा त्याला खालून ओरडावंच लागलं, आणि तेव्हापासून तो खालून आणि ती वरून असं चालू होतं.

"ती न्हय! ताचे फाटली!" बाबलो मागची पेण दाखवत ओरडला. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द स्वच्छ. "दोरी पयलीं बांद. देंठाक दोन वेडे. अगो, दोन म्हटलां!"

"दोनूच आसात!" वरून उत्तर आलं. "तुका दिसनात जाल्यार गप्प राव!"

लोक हसले. बाबलो हसला नाही, त्याचं सगळं लक्ष वर होतं. मी मात्र त्याच्या जबड्याकडे बघत होते. जबडा जुळला नसता तर या माणसाचं बोलणं त्या उंचीवर पोचलं नसतं. आणि मी नीट विचारलं असतं तर त्याला बोलायची वेळच आली नसती, तोच वर असता. दोन्ही गोष्टी माझ्याच हातच्या. कुठली धरायची आणि कुठली सोडायची ते मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

पेण डुलत डुलत खाली आली. बाबलोने ती दोन्ही हातांनी झेलली, लहान मूल घ्यावं तशी, आणि एकेक नारळ बोटाने चाचपला. एकही हलला नव्हता. पण बोटं फिरवताना त्याचा डावा पाय मातीत काहीतरी करत होता. मी खाली बघितलं. तो अंगठा रोवत होता, पुन्हा पुन्हा, आणि माती त्याच्याखालून निसटत होती. त्याचं त्यालाच ते कळत नसावं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेवंती खाली उतरत होती, तिने बघितलं, बाबलोनेही बघितलं.

बाजूला एक सुटा नारळ पडला होता. बाबलोने तो सोलला, कोयत्याच्या पाठीने फोडला आणि दोन्ही वाट्या हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"बाय, तुमी विचारूक ना, हांवें सांगूक ना. चूक दोगांची. अर्दी तुमी घेयात, अर्दी हांव."

उजव्या हातातली वाटी त्याने माझ्या हातात ठेवली. आपल्या वाटीतून कोयत्याच्या टोकाने खोबऱ्याचा तुकडा काढला, नव्या बाजूच्या दातांखाली धरला आणि कडकन चावला.

माझी वाटी त्याच्या वाटीपेक्षा मोठी होती. ते मला दिसलं होतं. त्याने दिली तशी घेतली.